तुझी दोन पानं आणि सरांचं लाल पेन

काल रात्री फोनवर तू इतकी भरभर बोलत होतीस की मला निम्मंच कळलं. जे कळलं ते असं: कॉलेजच्या वार्षिकांकाचं प्रूफ परत आलं आणि तुझ्या लेखावर लाल पेनाने ही एवढी फुली. सास्तीच्या खाणीकडून येणारे कोळशाचे ट्रक, रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघणाऱ्या मुली, घरी पोचेस्तोवर काळी झालेली ओढणी, असा तो लेख. आणि सर म्हणाले, "वार्षिकांकात हे शोभत नाही." आता तुला विद्यार्थी संपादकपदाचा राजीनामा द्यायचाय, सगळं इन्स्टाग्रामवर टाकायचंय, आणि वरून सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आहे. माय गं! आधी जेव. उपाशीपोटी लिहिलेला राजीनामा मी एकदा दिलाय, तोही पेन्सिलीने. आमच्या सरांनी तो खोडरबरासकट परत केला होता.

खरं सांगू का, मी तुझ्यासारखीच संपादक होते तेव्हा आमच्या हॉस्टेलच्या मेसवर लिहिलं होतं. वरणात अळ्या निघतात म्हणून! मी स्वतः बघितल्या नव्हत्या, खोलीतल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. लेख गाळला गेला आणि मी आठवडाभर हुतात्म्यासारखी हिंडले. मग स्वयंपाकाच्या मावशींनी मला चुलीजवळ नेलं आणि वाडग्यात दाखवलं. ते फुगलेलं जिरं होतं गं. मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या रडल्या. म्हणून तुला आधी विचारते, तुझ्या लेखातली कोणती गोष्ट तू डोळ्यांनी बघितलीस आणि कोणती ऐकलीस? बस किती वाजताची, कोणत्या तारखेला किती उशिरा आली, याची वही ठेवलीस म्हणालीस ना? ती वही कुणाला देऊ नकोस. फोटो काढून ठेव.

आता तुझा मोठा प्रश्न: सरांना असं खोडता येतं का? बघ, वार्षिकांकावर प्रकाशक म्हणून बहुतेक ठिकाणी प्राचार्यांचं नाव असतं आणि छपाईचं बिल कॉलेज भरतं. म्हणजे त्यांचा हात त्यात आहे, हे मान्य कर. पण तुझी प्रवेशाची पावती काढून वाच. वार्षिकांकासाठी म्हणून पैसे घेतलेले दिसले, तर तो अंक थोडा तुम्हा पोरींचाही आहे. घटनेच्या एकोणिसाव्या कलमातलं बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला आहे, कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना ते चपलांसारखं बाहेर काढून ठेवायचं नसतं. 1985 मध्ये केरळातल्या तीन लेकरांना राष्ट्रगीत न म्हटल्यामुळे शाळेतून काढलं होतं. ती उभी राहायची, पण धर्मामुळे गायची नाहीत. सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. पण छापायच्या अंकाचं प्रकरण जरा गुंत्याचं असतं. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या एका शाळेत 1983 मध्ये मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राची दोन पानं काढून टाकली. एका लेखात गरोदर विद्यार्थिनींचे अनुभव होते, दुसऱ्यात आईबापांच्या घटस्फोटाबद्दल मुलं बोलली होती. खटला वरपर्यंत गेला आणि 1988 मध्ये निकाल मुख्याध्यापकांच्या बाजूने लागला, कारण ते पत्र वर्गातल्या अभ्यासाचा भाग होतं. त्यानंतर तिथल्या कित्येक राज्यांनी विद्यार्थी पत्रकारांना जपणारे वेगळे कायदे केले. म्हणजे हरलेलं भांडणही कुठेतरी उगवतं. असो, मिसूरी राहू दे, आपण तुझ्या राजुऱ्याला परत येऊ.

तुला माहीत आहे का, तू जिथे बसून मला फोन केलास ते गाव 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतं? आदिलाबाद जिल्ह्यातलं राजुरा. नदीपल्याडचं बल्लारपूर इंग्रजांच्या मुलखात आणि आपण हैदराबादच्या. सभा घ्यायची तर आधी परवानगी, त्या हुकमाला लोक 'गश्ती निशान त्रेपन्न' म्हणायचे. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निजामाने बंदी घातली, तर त्यांनी नाव बदललं आणि पुण्यातून अंक काढला. त्यावर बंदी आली की पुन्हा नवं नाव. मला हे वाचताना फार हसू येतं बघ, घरात बांधून ठेवलेली मांजर रोज नव्या खिडकीतून बाहेर पडावी तसं. आणि 1938 मध्ये उस्मानिया विद्यापीठाने वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा त्यातल्या कितीतरी जणांना नागपूर विद्यापीठाने दार उघडलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यातलेच. त्या पोरांनी काय केलं असेल? बोचकं बांधलं, गाडीत बसले आणि नागपुरात पुन्हा पुस्तक उघडलं. तुझी परीक्षा कधी आहे म्हणालीस?

बरं, आता सोमवारी काय करायचं. सरांकडे एकटी जाऊ नकोस, संपादक मंडळातली एक कुणीतरी सोबत ने, पण आख्खी फौज नको. आणि भांडू नकोस, विचार. कोणतं वाक्य चुकीचं आहे? कोणाची बदनामी होतेय? हे कारण मला लिहून द्याल का? 'शोभत नाही' हे कारण कागदावर उतरवायला कोणालाही जड जातं गं. कदाचित सर म्हणतील, खाणवाल्यांची बाजू कुठे आहे? तर तो मुद्दा त्यांचा बरोबर आहे, राग गिळ आणि बाजू आण. एक पत्र दे, आठवडाभर थांब, उत्तर नाही आलं तर लेखात 'उत्तर मिळालं नाही' एवढंच लिही. अनुदानित कॉलेजला माहितीचा अधिकारही लागू होतो, दहा रुपये आणि तीस दिवस, पण सांभार चिरायला कुऱ्हाड काढू नये. आधी विळी वापर.

इन्स्टाग्रामचं मात्र जरा दमाने. छोट्या कागदावर छापलं म्हणून कायदा छोटा होत नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने 1994 मध्ये आपल्या बुलेटिनात वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापली. आपापसात वाटायचं बुलेटिन ते! अश्लीलतेचा खटला झाला. प्रकाशकांनी माफीही छापली होती, तरी त्यांची सुटका सुप्रीम कोर्टात झाली ती 2015 मध्ये. त्या कवितेवर खटला व्हायला नको होता असं माझं मत आहे, पण माझं मत वकिलाची फी भरत नाही. म्हणून कुठल्या ट्रकवाल्याचा नंबर, कुठल्या मुलीचं नाव, तिचा रडतानाचा फोटो, हे टाकू नकोस. जिच्यावर बेतलं तिला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

एक गोष्ट तू शेवटी, अगदी हळू आवाजात सांगितलीस. बाबा खाणीत आहेत, म्हणून तू एक परिच्छेद सरांनी बघायच्या आधीच स्वतः काढलास. तुझी मला काळजी वाटतेय ती त्या परिच्छेदाची, लाल फुलीची नाही. फुली दिसते, तिच्यावर बोलता येतं. आपण आपल्या हाताने घरातच उडवलेलं कुणाला दिसतच नाही. तू भित्री आहेस असं म्हणत नाहीये गं, चूल पेटायला पगार लागतो हे मला कळतं. पण बाबांना विचारलंस का? रोज तीच धूळ खाऊन घरी येणारा माणूस काय म्हणेल ते आपणच ठरवून मोकळं कसं व्हायचं? ते नको म्हणाले तर तो परिच्छेद वहीत राहू दे. हो म्हणाले तर लेख जास्त खरा होईल.

आणि हे सगळं करूनही लेख नाहीच आला तर? भित्तिपत्रक आहे. कार्डशीट, स्केचपेन, विभागाच्या मॅडमची सही. वार्षिकांक कपाटात पडतो, भिंतीपुढे पोरी रोज उभ्या राहतात. फक्त पान कोरं सोडायचा माझा प्रकार करू नकोस. आणीबाणीत वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी ठेवली होती हे वाचून मीही ऐटीत एक पान कोरं ठेवलं. छापखानेवाल्या काकांना वाटलं पोरगी विसरली. त्यांनी तिथे लग्नपत्रिकांची जाहिरात टाकली, मोराच्या चित्रासकट.

रविवारी सकाळच्या बसने ये. लाल फुलीचं प्रूफ फाडू नकोस, तसंच आण, आणि ती बसच्या वेळांची वही. तर्री-पोहे करते. मागच्या वेळी तर्री करपली होती हे तू आईला सांगितलंस, ते मला कळलंय.