विजेवरील गिटारीची पारख

पेडणे-डिचोलीकडील घरांत घुमटाची व पेटीची पारख वडीलधाऱ्यांस असते. मुलाने विजेवरील गिटार मागितली की मात्र ते निरुत्तर होतात. गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल या वादकाच्या नावाने जी गिटार काढली, तिच्या अंगास दांडीलगत एकाच बाजूस खाच आहे. त्यामुळे बोटे अखेरच्या पडद्यांपर्यंत पोहोचतात. त्या घडणीच्या स्वस्त गिटारी आज मिळतात.

घेताना रंगास भुलू नये. एक डोळा मिटून दांडीच्या रेषेत पाहावे. किंचित बाक आतील लोखंडी सळई किल्लीने फिरवून काढता येतो. आमच्या पावसाळ्यात घुमटाचे चामडे सैलावते, तसा तो बाक पुन्हा येऊही शकतो. पिळलेली दांडी मात्र दुकानातच ठेवावी! मग प्रत्येक पडद्यावर तार दाबून खरखर होते काय, ते ऐकावे.

सुधारणेचा पहिला पैसा नव्या तारांवर, दुसरा सूर न टिकविणाऱ्या खुंट्यांवर खर्चावा. तारांचे कंपन विजेत उतरविणारे पिकअप सर्वांत शेवटी बदलावेत. बेसूर वाद्यास महाग पिकअप लावल्याने बेसूरच मोठा होतो. काढलेले भाग जपून ठेवावेत. पुढे गिटार विकावयाची झाल्यास ते परत बसविता येतात.