मुक्या जनावराला मन असतं का?



अक्कलकोट रोड एमआयडीसीत आपल्यातल्या कितीतरी जणी टॉवेल-चादरीच्या कारखान्यात कामाला जातात आणि घरी दोन शेळ्या, नाहीतर एखादी म्हैस सांभाळतात. बैठकीत एका ताईंनी विचारलं, "करडू विकलं की शेळी दोन दिवस ओरडते. तिला दुःख होतं, की नुसती सवय?"

थोडं उत्तर धारेच्या वेळीच सापडतं. रेडकू तोंड लावतं, ओळखीचा हात कासेला लागतो, तेव्हा म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे द्रव्य रक्तात येतं आणि ती पान्हा सोडते. कुणी काठी उगारली की ती घाबरते, अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि पान्हा अडतो. आपण म्हणतो, म्हैस पान्हा चोरते. पण पुष्कळदा ती भ्यालेली असते.

ही भीती मनाला जाणवते का? जुलै २०१२ मध्ये इंग्लंडात केंब्रिज इथं मेंदूच्या अभ्यासकांनी जाहीर केलं, की जाणिवेला लागणारी मेंदूतली रचना फक्त माणसातच नाही, ती सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांतही आहे. २०१८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी शेळ्यांपुढे एकाच माणसाचे हसरा आणि रागीट असे दोन फोटो ठेवले. शेळ्या हसऱ्याकडे जास्त वळल्या. शेळी आपल्यासारखाच विचार करते, असं यातून सिद्ध होत नाही. पण आपला चेहरा तिला कळतो, एवढं दिसतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळणाऱ्या आपल्या माणसांना हे नवं नाही.

मग आपण काय करायचं?

१. धार रोज त्याच वेळी, शांतपणे काढा. शिफ्ट बदलणार असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाची जनावराला आधीच सवय लावा.

२. शेळी कळपातलं जनावर आहे. तिला एकटीला बांधून ठेवू नका.

३. करडू आईपासून एकदम तोडू नका. आधी रोज थोडा थोडा वेळ वेगळं ठेवा.

४. पान्ह्यासाठी इंजेक्शन देऊ नका. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

करडू विकावंच लागतं, त्यावर मुलांची फी भरते. त्यात लाज नाही. पण जोवर ते आपल्या दावणीला आहे, तोवर त्याला भीती नको, एवढं आपल्या हातात आहे.

बैठकीत बोला : तुमचं जनावर कुणाला बघून शांत होतं, आणि कुणाला बघून बिचकतं? का?