दातांचा एक्स-रे : सावलीचा हिशेब

गेल्या मार्चमध्ये मनामातल्या डेंटिस्टनी माझ्या मुलीच्या दाढांचा एक्स-रे काढला. वरून दाढा स्वच्छ होत्या. एक्स-रेत मात्र दोन दाढांच्या फटीत काळा ठिपका दिसला. "लवकर भरून घ्या," ते म्हणाले. मी आपल्या सगळ्यांचा नेहमीचा हिशेब केला : जूनमध्ये सुट्टीला सांगलीला जायचेच आहे, तिथे स्वस्तात होईल. जूनपर्यंत कीड नसेपर्यंत पोहोचली. साध्या फिलिंगऐवजी रूट कॅनाल करावे लागले, वर कॅपचा खर्च. जुना एक्स-रेही मनामातच राहिला, त्यामुळे कीड किती वाढली हे तिथल्या डॉक्टरांना ताडून पाहता आले नाही.

त्यानंतर हा विषय समजून घेतला. राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. लगेच १८९६ च्या जानेवारीत जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्याला २५ मिनिटे लागली. आज सेकंदाचा काही भाग पुरतो.

एक्स-रे म्हणजे सावलीच. घट्ट पदार्थ किरण अडवतात म्हणून पांढरे दिसतात : धातूचे फिलिंग सर्वांत पांढरे, मग दाताचे कवच, मग हाड. नस, कीड, मुळाशी साठलेला पू काळपट दिसतात. अगदी सुरुवातीची कीड मात्र एक्स-रेतही दिसत नाही, म्हणून डॉक्टरांची तपासणी हवीच. संध्याकाळी आपली सावली लांबते ना? तशीच पट्टी तिरकी बसली तर दाताची लांबी चुकते. म्हणून पट्टी नीट चावून स्थिर बसावे.

किरणांची भीती? एका दाताच्या छोट्या एक्स-रेतून मिळणारे किरण साधारणपणे निसर्गातून आपल्याला एका दिवसात मिळतात तेवढेच असतात. तरीही विनाकारण काढू नये, आणि गरोदर असल्यास आधी सांगावे.

तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा :
१. एक्स-रे कशासाठी, हे विचारा आणि त्यात काय दिसते ते दाखवून घ्या.
२. त्याची प्रत तारखेसह मागून घ्या आणि पासपोर्टबरोबर भारतात न्या.
३. "थांबले तर चालेल का?" हे डॉक्टरांनाच विचारा, विमानाच्या तिकिटाला नव्हे.

कीड आपल्या सुट्टीची वाट पाहत नाही.