बुळकांडीचा शोध व शेवट

पेण आणि रोहा यांच्या दरम्यान कासू हें आगगाडीचें लहानसें स्थानक आहे. भोंवतालीं भातखाचरें. यंत्रें येण्यापूर्वीं या मुलुखांत आषाढांत बैल बसला म्हणजे चिखलणी राहिली, आवण वाळलें आणि वर्षाचें अन्न गेलें. आजच्या विद्यार्थ्यास ‘बुळकांडी’ म्हणजे काय असें विचारलें तर तो बहुधा कोश उघडील. त्याच्या आजोबांना कोश लागावयाचा नाहीं. हा शब्द इतका विस्मृतींत कसा गेला, हें समजून घेण्यासारखें आहे.

बुळकांडी हा गाईबैलांचा व म्हशींचा रोग. प्रथम कडक ताप येई. मग डोळ्यांतून व नाकांतून पाणी वाहे, हिरड्यांवर कोंडा चिकटल्यासारखे व्रण दिसत, आणि शेवटीं दुर्गंधियुक्त हगवण लागून थोड्याच दिवसांत जनावर कोसळे. ज्या कळपांत रोग पूर्वीं आला नव्हता, त्यांतील बहुतेक गुरें जात. या रोगाचा विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग होय. पण बुळकांडी माणसास होत नसे.

गुरांच्या साथींविषयीं सरकारनें नेमलेल्या मंडळानें, हॅलन नांवाच्या पशुवैद्याच्या अध्यक्षतेखालीं, १८७१ मध्यें आपला अहवाल दिला. येथील ही साथ म्हणजे युरोपांत गुरांचा संहार करणारा रिंडरपेस्टच होय, हें त्यानें स्पष्ट केलें. रोगाचें नांव ठरलें म्हणजे रोग बरा होत नाहीं. तथापि निरनिराळ्या रोगांना एकच नांव आणि एका रोगाला दहा नांवें असा गोंधळ असेपर्यंत उपायाला दिशाच लाभत नाहीं. पुढें १८८९ मध्यें पुण्याच्या सायन्स कॉलेजांत जनावरांच्या रोगांसाठीं प्रयोगशाळा निघाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. गजबजलेल्या शहरांत जिवंत रोगबीज बाळगणें धोक्याचें, म्हणून १८९३ मध्यें ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. १८९७ मध्यें खुद्द रॉबर्ट कॉख तेथें येऊन गेले. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ही या पुण्याच्या रोपट्याचीच वाढ आहे, हें आपल्याकडे फारसें कोणी सांगत नाहीं.

त्या काळच्या संशोधकांपुढें अडचण अशी कीं, सूक्ष्मदर्शकांत बुळकांडीचा जंतु कांहीं केल्या दिसेना. १८९८ मध्यें लोफ्लर व फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांस आढळलें कीं, लाळखुरकुताच्या फोडांतील लस जंतूंना अडविणाऱ्या बारीक गाळणींतून गाळली, तरी तिची रोग देण्याची शक्ति कायम राहते. १९०२ मध्यें निकोल व आदिल बे यांनीं बुळकांडीविषयीं तेंच दाखविलें. न दिसणाऱ्या वस्तूचें अस्तित्व तिच्या कार्यावरून सिद्ध करण्याचा हा उत्तम नमुना असून विज्ञानाच्या तासाला तो अवश्य सांगावा.

प्रतिबंधक लसीचा इतिहास मोठा आहे. येथें दोनच पायऱ्या सांगतों. १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स यांनीं मुक्तेश्वर येथें हा विषाणू शेळ्यांच्या अंगांत पुनःपुन्हां वाढवून बैलांपुरता सौम्य केला. नंतर वॉल्टर प्लाउराइट यांनीं केनियांत तो पेशींच्या संवर्धनांत वाढवून अधिक निर्धोक लस सिद्ध केली. भारतांत १९५४ मध्यें लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि साथी पुष्कळ ओसरल्या. परंतु रोग समूळ जाण्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं.

याचें कारण मोठें विचारणीय आहे. लस टोचलेल्या गुराच्या रक्तांत जीं प्रतिद्रव्यें उत्पन्न होतात, तींच रोगांतून वांचलेल्या गुराच्या रक्तांतहि असतात. त्यामुळें रक्त तपासून ‘हें लसीचें, हें रोगाचें’ असें सांगतां येईना. शिवाय अर्धवट टोचलेल्या गुरांत विषाणू निमूटपणें फिरत राही. तेव्हां अखेरच्या टप्प्यांत उलट मार्ग पत्करावा लागला. लस बंद करावयाची, गांवोगांव फिरून चौकशी करावयाची, आणि लस थांबल्यानंतर जन्मलेल्या जनावरांचें रक्त तपासावयाचें. त्यांत प्रतिद्रव्य सांपडलें तर विषाणू अजून हिंडतो आहे हें निश्चित. इतकीं वर्षें जी ढाल धरली, ती शत्रु पाहण्यासाठीं खालीं ठेवण्याचें हें धाडस होय. १९९५ मध्यें भारतांतील शेवटची साथ नोंदली गेली. २०११ मध्यें सर्व जगांतून बुळकांडी नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर मनुष्यानें समूळ नाहींसा केलेला हा दुसराच रोग.

प्रत्येक रोग असा सरळ नसतो. बुळकांडीच्या विषाणूचा लसीच्या दृष्टीनें एकच प्रकार होता, आणि बरें झालेलें जनावर तो बाळगून राहत नसे. लाळखुरकुताचे सात प्रकार. एका प्रकाराची लस दुसऱ्यास लागू पडत नाहीं. तरी बुळकांडीनें शिकविलेलें येथें उपयोगी पडलें. या रोगाची लस आतां अशी शुद्ध करतात कीं, खऱ्या संसर्गानंतर उमटणारीं कांहीं प्रतिद्रव्यें लसीनें उमटत नाहींत, आणि दोहोंतील भेद रक्तावरून कळतो.

डुकरांच्या बाबतींत ओळखण्याचें महत्त्व याहूनहि अधिक. साधा डुक्करज्वर आणि आफ्रिकन डुक्करज्वर हे डोळ्यांनीं पाहून वेगळे करतां येत नाहींत. पहिल्यावर लस आहे, आणि दुसरा २०२० मध्यें आसाम व अरुणाचलांत प्रथम आला तेव्हां लस नव्हती. भोपाळच्या प्रयोगशाळेनें निदान केलें, आणि मग बाधित डुकरें मारणें व वाहतूक बंद करणें एवढाच मार्ग उरला. डुकरांस खाणावळीचें उष्टें न उकळतां घालणें हेंहि या रोगाचें एक वाहन होय.

प्रयोगशाळा कितीहि उत्तम असली, तरी तिला रोगाची पहिली बातमी गोठ्यांतूनच मिळावी लागते. आणि गोठेवाला पुष्कळदां बोलत नाहीं. गाठी उठल्या कीं जनावर गुपचूप बाजारांत न्यावें, असा मोह होतो. त्याबरोबर रोगहि बाजारास जातो. २००९ च्या कायद्यानें जनावराच्या सांसर्गिक रोगाची खबर ग्रामपंचायतीस अथवा गांवच्या अधिकाऱ्यास देणें मालकावर बंधनकारक केलें आहे. पण माझ्या मतें नुसत्या कायद्यानें तोंड उघडत नाहीं. २०२२ मध्यें लंपी चर्मरोग महाराष्ट्रांत पसरला, तेव्हां सरकारनें मृत दुभत्या गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० रुपये व वासरास १६,००० रुपये असें साहाय्य ठरविलें. हा पैसा केवळ दया नव्हे. तो रोगाच्या शोधाचाच खर्च समजावा.

विद्यार्थ्यांनो, घरचें जनावर तापलें, लाळ गाळूं लागलें किंवा अंगावर गाठी आल्या, तर तें इतरांपासून वेगळें बांधावें, त्याचें पाणी व वैरण निराळी ठेवावी, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्याच दिवशीं कळवावें. नाकांतील स्राव किंवा रक्त डॉक्टरच घेतील. तें बर्फावर ठेवून प्रयोगशाळेकडे जातें, कारण उन्हांत नमुना नासला तर उत्तर मिळत नाहीं. एकाएकीं मेलेलें जनावर मात्र कोणीहि फाडूं नये. तो फाशी रोग असल्यास त्याचें रक्त जेथें सांडेल ती जमीन वर्षानुवर्षें दूषित राहते.