यहुदी नीतिविचारातील शीलसंवर्धन

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
● ‘मिद्दा’ या संज्ञेचा अर्थ सांगता येईल.
● शीलसंवर्धनातील पुनरावृत्त कृतीचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
● निग्रह आणि परिष्करण यांतील भेद विशद करता येईल.

१. प्रस्तावना
चांगले काय, हे माणसाला बहुधा ठाऊक असते. तरीही ते हातून घडत नाही. ज्ञान आणि आचरण यांतील हे अंतर कसे मिटवावे, हा यहुदी नीतिविचारातील महत्त्वाचा प्रश्न आहे. धर्माज्ञांचे बाह्य पालन पुरेसे नाही, अंतःकरणाचीही कर्तव्ये असतात, असे ११व्या शतकात स्पेनमधील बाह्या इब्न पकुदा यांनी प्रतिपादन केले.

२. मिद्दा : गुण आणि माप
हिब्रू भाषेत स्वभावगुणाला ‘मिद्दा’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘माप’ असा आहे. त्यामुळे गुण असणे एवढेच पुरेसे नसून तो योग्य प्रमाणात असणे आवश्यक ठरते. तत्त्वचिंतक मैमोनिडीज (मृत्यू १२०४) यांनी कृपणता आणि उधळपट्टी यांच्यामधील औदार्याचा मार्ग श्रेयस्कर मानला. मात्र गर्व आणि क्रोध यांच्यापासून अगदी दूरच राहावे, असे त्यांनी बजावले.

शील कसे घडते, हे स्पष्ट करताना ते दानाचे उदाहरण देतात. एकाच व्यक्तीला एकदम हजार नाणी दिल्यास औदार्याची वृत्ती एकदाच जागी होते. तीच हजार नाणी एकेक करून हजार वेळा दिल्यास देण्याची सवय मनात रुजते. दोन्ही वेळी रक्कम सारखीच असते. देणाऱ्यात घडणारा पालट मात्र निराळा असतो.

३. मनाचा जमाखर्च
१८०८ मध्ये मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी आत्मपरीक्षणाची पद्धत मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या योजनेवर आधारलेल्या या पद्धतीत १३ गुण निवडून प्रत्येकाला एक आठवडा द्यायचा असतो. अशी वर्षात चार आवर्तने होतात. त्या त्या गुणाबाबत झालेल्या चुकांची रोज नोंद ठेवायची असते. १९व्या शतकात लिथुआनियात रब्बी इस्राएल सालांतेर (मृत्यू १८८३) यांनी शीलसंवर्धनाला चळवळीचे रूप दिले. ती ‘मुसार’ चळवळ म्हणून ओळखली जाते. ‘मुसार’ म्हणजे शिस्त किंवा नीतिबोध.

४. निग्रह आणि परिष्करण
सालांतेर यांनी दोन पायऱ्या सांगितल्या. ओठांवर आलेला कठोर शब्द गिळणे हा निग्रह. तो शब्द मनातच न उमटणे हे परिष्करण. दुसरी पायरी दीर्घ सरावाने साधते, म्हणून पहिलीला कमी लेखू नये.

त्यांच्याविषयी एक आठवण सांगितली जाते. भोजनापूर्वीच्या विधीत हात धुताना त्यांनी अगदी थोडे पाणी वापरले. विचारणा होताच त्यांनी पाणी वाहून आणणाऱ्या मोलकरणीच्या श्रमांकडे लक्ष वेधले. आपली धर्मनिष्ठा दुसऱ्याच्या खांद्यावर भार टाकून वाढवू नये, हे त्यातील मर्म आहे. अंतःशुद्धीची कसोटी अशी इतरांशी होणाऱ्या व्यवहारात लागते.

५. सारांश
या विचारानुसार शील हे एखाद्या भव्य संकल्पातून घडत नाही. लहान कृतींची पुनरावृत्ती, प्रामाणिक आत्मपरीक्षण आणि दुसऱ्याच्या श्रमांची जाणीव यांतून ते आकाराला येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. हजार नाण्यांच्या उदाहरणातून कोणते तत्त्व स्पष्ट होते?
२. निग्रह आणि परिष्करण यांतील भेद सोदाहरण लिहा.
३. उपक्रम : स्वतःचा एक गुण निवडून आठवडाभर रोज एका ओळीची नोंद ठेवा आणि अखेरीस आपले निरीक्षण लिहा.