मफीबोशेथाचे पाय
(शास्त्रपाठ : २ शमुवेल ४:४, ९:१-१३, १९:२४-३०, मार्क २:१-१२)

शौल व योनाथान रणात पडल्याची बातमी इज्रेलाहून आली, तेव्हा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली. घाईत मूल पडले व जन्मभर दोन्ही पायांनी पंगू झाले. शास्त्र दाईला दोष देत नाही, आम्हीही देत नाही. ती त्याचा जीव वाचवीत होती. तरी ध्यानात घ्यावे की, हे पाय शत्रूच्या तलवारीने गेले नाहीत.

आपल्या प्रांताला ही गोष्ट परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे मेली. जखमी त्याहूनही अधिक. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदाची जड माती निजलेल्या माणसांवर कोसळली. अशा भाराखाली पाठीचा मणका मोडतो. २०२४ च्या मार्चमध्ये हिंगोलीकडे झालेला धक्का नांदेडातही जाणवला. म्हणून ज्यांची घरे अजून तशीच आहेत, त्यांनी माळवदावरची माती कमी करावी व भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे लांब दगड बसवून घ्यावेत. परंतु मणका मोडण्यास भूकंपच लागतो असे नाही. चिंचेच्या झाडावरून, कठडा नसलेल्या विहिरीत किंवा मोटारसायकलवरून पडणेही पुरे होते.

मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. हातापायांना हालचालीचा हुकूम त्याच्याच वाटे पोचतो. हाड मोडले तरी रज्जू कधी कधी शाबूत असतो. अशा वेळी एकाने बगलेत व दुसऱ्याने पायांना धरून माणसाला झोळीसारखे उचलले, म्हणजे मोडके हाड रज्जूत रुतते. जे पाय वाचू शकले असते ते जातात. म्हणून पडलेल्याची मान किंवा पाठ दुखत असेल, अथवा पायांना मुंग्या येत असतील, तर त्याला उठवून बसवू नये व दुचाकीवर मध्ये घालून मुळीच नेऊ नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, तोवर एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. भिंत कोसळण्याचे किंवा आगीचे भय असेल तरच हलवावे. तेही चारपाच जणांनी, डोके, पाठ व कंबर एका रेषेत ठेवून, एकदम कुशीवर वळवून, खाली फळी किंवा दाराची झडप सरकवून.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी पक्षघाती मनुष्याला बाजेवर निजवूनच नेले, हे येथे शिकविण्यासारखे आहे. मात्र आपली सुंभाची बाज मध्ये झोळ खाते. नुकत्याच पडलेल्या माणसासाठी तीवर फळी हवीच. प्रभूने त्या मनुष्याला पापक्षमा दिली, म्हणून पक्षघात पापाची शिक्षा होय असे कोणी म्हणेल, तर योहानाचा नववा अध्याय वाचून दाखवावा. तेथे शिष्यांचा तोच तर्क प्रभूने नाकारला आहे. करणी किंवा भानामती म्हणून देवऋष्याकडे घालविलेला दिवस तर निव्वळ नुकसानीचा.

पाय गेल्यावरही धोका संपत नाही. त्वचेला स्पर्श कळत नाही, म्हणून एकाच अंगावर पडून राहिल्याने माकडहाड, खुबे व टाचा यांवर जखमा होतात. त्या हाडापर्यंत कुजतात व माणूस त्यांनीच मरतो. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस पालटावी आणि रोज उजेडात सर्व अंग पाहावे. लाल डाग दिसला की त्या जागेवर भार नको. गरम विटेचा शेक किंवा डाग देणे कटाक्षाने वर्ज्य करावे. त्याला चटका कळणार नाही, मांस मात्र जळेल. सांधे आखडू नयेत म्हणून ते रोज हळूहळू हलवावेत व पावले उशीच्या आधाराने उभी ठेवावीत. लघवी तुंबणे हे मोठे संकट होय. नळीची स्वच्छता दवाखान्यातच नीट शिकून यावी. हे सारे एकट्या बायकोवर टाकण्याची आपल्यात रीत आहे. ती आम्हांस अन्यायाची वाटते. मंडळीने रात्री वाटून घ्याव्यात.

आता नववा अध्याय. दावीदाने मफीबोशेथाला बरे केले नाही. अध्यायाच्या शेवटीही तो दोन्ही पायांनी पंगूच आहे. राजाने त्याला आजोबाची जमीन परत दिली, ती कसण्यास सीबा व त्याचे लोक दिले आणि आपल्या पंक्तीस बसविले. म्हणजे दया दाखविली एवढेच नव्हे, हक्क दिला. पण पुढे काय झाले, हे वर्गात बहुधा सांगितले जात नाही. राजा संकटात असता मफीबोशेथाला त्याच्याकडे जायचे होते. गाढव दुसऱ्याच्या हाती, आणि सीबाने त्याला फसविले. तो पोचला नाही, सीबा पोचला, व राजाने त्याचे न ऐकताच सारी जमीन सीबाला देऊन टाकली. नंतर अर्धीच परत मिळाली.

आमच्या मते ह्या धड्याचे मर्म येथे आहे. ज्याला दुसऱ्याने नेल्यावाचून हलता येत नाही, त्याच्याविषयी दुसरेच बोलतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी रुग्णालयात तपासणी करून दाखला मिळतो. त्यावर तीनचाकी सायकल किंवा खुर्ची मागता येते. उपदेशकांनी आपल्या गावातील अशा प्रत्येकाला नांदेड किंवा लातूर येथे स्वतः घेऊन जावे, आणि वडिलांच्या शेताच्या सातबाऱ्यावर इतर भावांबरोबर त्याचेही नाव आहे किंवा नाही, हे तलाठ्याकडे पाहून यावे.