सीमा उघडी, फॉर्म अवघड!

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमध्ये नेपाळची मुलं आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती इथे पोचली कशी, हे कुणी विचारत नाही. ‘तुम्हाला काय, व्हिसा नाही, पासपोर्ट नाही, सुनौलीची सीमा ओलांडायची, गोरखपूरला गाडीत बसायचं की आलात!’ असं आपण बिनधास्त म्हणून मोकळे होतो.

माझ्या शेजारच्या रूममध्ये बुटवलचा एक फायनल इयरचा सीनियर राहतो. आम्ही त्याला ‘दाइ’ म्हणतो. (मराठीत अर्थ भलताच होतो, पण नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ!) त्याची धाकटी बहीण यंदा इकडच्या इंजिनिअरिंगला अर्ज करतेय. दोघांची फी एकदम भरणं घरच्यांना झेपणारं नाही, म्हणून दाइची डिग्री होईपर्यंत ती थांबली. आता आणखी एक वर्ष गेलं तर घरचे तिला पुढे थांबू देतील, याची खात्री दाइलाही नाही. म्हणून रात्री जेवणं झाली की आम्ही तिची फाईल घेऊन बसतो. त्यातून जे शिकलो, ते इथे देतोय.

१) तह काय सांगतो? भारत-नेपाळ मैत्री करार ३१ जुलै १९५० चा. त्याच्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांत सारखी वागणूक द्यायचं ठरलं. कॉलेजच्या ॲडमिशनचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे नेपाळी माणूस इथे बिनव्हिसा राहू शकतो, पण ॲडमिशनच्या फॉर्मवर तो ‘परदेशी विद्यार्थी’च! प्रवासाला नागरिकता प्रमाणपत्र चालतं, फॉर्ममध्ये मात्र बहुतेक ठिकाणी पासपोर्ट नंबरचा रकाना असतोच.

२) दरवाजा कोणता? एनआयटीसाठी (नागपूरची व्हीएनआयटी त्यातलीच) ‘दासा’ ही परदेशी विद्यार्थ्यांची योजना आहे. पूर्वी तिथे सॅटचे मार्क चालायचे, आता जेईई मेनची रँक लागते. सार्क देशांच्या नागरिकांना ट्यूशन फीमध्ये सवलत आहे. दुसरा दरवाजा काठमांडूच्या भारतीय दूतावासामार्फत मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांचा. तिसरा, कॉलेजातल्या परदेशी नागरिकांसाठीच्या जादा जागांचा. तिन्हींचे फॉर्म वेगळे, तारखा वेगळ्या. एक भरला म्हणजे तिन्ही भरले असं होत नाही.

३) जन्मतारीख. नेपाळचे सरकारी कागद विक्रम संवतात. नवीन वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत संवतातून ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ५६. २०६४ चा वैशाख म्हणजे २००७ चा एप्रिल, पण त्याच २०६४ चा माघ म्हणजे २००८! वर्षाचं झालं, पण दिवस? नेपाळी महिने २९ ते ३२ दिवसांचे, आणि ते दरवर्षी बदलतात. तेव्हा बोटांवर मोजू नका. नागरिकता, पासपोर्ट आणि मार्कशीट या तिन्हींवर इंग्रजी तारीख एकच आहे ना, ते आधी बघा.

४) मार्क. इथे सगळ्यात जास्त डोकं लागलं. नेपाळच्या बारावी बोर्डात ४ पैकी ग्रेड मिळते. ए प्लस ४.०, ए ३.६, बी प्लस ३.२, बी २.८. आपले फॉर्म टक्के मागतात. कुणीही म्हणेल, २५ ने गुणा! ३.२ गुणिले २५ म्हणजे ८०. पण बी प्लस मिळते ७० ते ८० च्या मुलाला. २.८ चे ७० होतात, पण बी म्हणजे ६० ते ७०. प्रत्येक वेळी गुणाकार पट्ट्याच्या वरच्या टोकाला जाऊन बसतो. म्हणजे ७१ वाल्यालाही फॉर्मवर ८० मिळाले! उद्या कागद तपासताना हेच अंगाशी येणार. उलट दहापैकीच्या रकान्यात ३.२ तसेच टाकले तर हुशार मुलगी नापास दिसते. त्यामुळे अकरावी-बारावीची मूळ गुणपत्रकं, त्यांच्यावरचा ग्रेडचा तक्ता आणि एआययूचं समकक्षता प्रमाणपत्र हाच मार्ग. (कॉन्व्हेंटवाल्या मला ‘समकक्षता’ हा शब्द याच फाईलने शिकवला.)

५) पैसा. सीमेवर लोक ‘आयसी’ आणि ‘एनसी’ म्हणतात, म्हणजे भारतीय आणि नेपाळी रुपया. १९९३ पासून आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. आपल्या एक लाखाच्या फीसाठी दाइचे बाबा एक लाख साठ हजार मोजतात. दासाची फी तर डॉलरमध्ये. बँकेतून परदेशी चलन पाठवायला नेपाळच्या शिक्षण मंत्रालयाचं ‘नो ऑब्जेक्शन’ पत्र लागतं. ते ॲडमिशन मिळाल्यावर शोधायला लागलात तर फीची तारीख निघून जाते.

थोडक्यात क्रम असा: आधी पासपोर्ट आणि तारखा, मग जेईईचा फॉर्म, मग गुणपत्रकं आणि समकक्षता, शेवटी पैशाचे कागद. बारावीचा निकाल हातात येईपर्यंत थांबायचं नाही, कारण तोवर इकडच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात.

ऑफिसमधल्या सर-मॅडमना एकच विनंती. खिडकीवर २०६४ साल किंवा ४ पैकी ३.२ असं काही दिसलं तर कागद लगेच परत करू नका. दोन मिनिटं विचारून घ्या. समोरची मुलगी दोन दिवसांचा प्रवास करून आलेली असते. आणि मित्रांनो, फॉर्मचा सीझन आला की विंगमधल्या एका तरी नेपाळी मित्राच्या भावंडाची फाईल उघडून बसा. आपल्याला इंटरनेट आहे, प्रिंटर आहे आणि रात्री दोनपर्यंत जागायची सवय तर आहेच!